गोळी सुटली तरी तारीख सुटत नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एचआयव्हीवरच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनांच्या बातम्या आता मराठी वृत्तपत्रांतही येऊ लागल्या आहेत. त्या यायलाच हव्यात. पण ‘वर्षातून दोन इंजेक्शने, गोळ्यांपासून सुटका’ अशा धाटणीचा मथळा वाचून एखाद्याने घरातली गोळ्यांची बाटली बाजूला ठेवली, तर त्याचे मोठे नुकसान होईल. म्हणून हे थोडे लांबलेले पत्र.

आधी एक घोळ निस्तरायला हवा. वर्षातून दोनदा घ्यायचे इंजेक्शन म्हणजे लेनाकापावीर. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जून २०२५ मध्ये त्याला मान्यता दिली ती प्रतिबंधासाठी, म्हणजे ज्यांना लागण झालेली नाही त्यांना ती होऊ नये म्हणून. हे औषध बनवण्याचा परवाना मिळालेल्या सहा कंपन्यांत पुण्याची एमक्युअरही आहे, त्यामुळे आपल्याकडे त्याची चर्चा जास्त होते. उपचारासाठीही ते डिसेंबर २०२२ पासून मान्य आहे, पण अनेक औषधांना दाद न देणारा विषाणू ज्यांच्या शरीरात आहे त्यांच्यासाठी, आणि तेही इतर औषधांच्या जोडीने. एकट्या लेनाकापावीरने एचआयव्हीचा उपचार होत नाही.

रोजच्या गोळीच्या जागी पूर्ण उपचार म्हणून जे इंजेक्शन दिले जाते ते वेगळे. ती दोन औषधांची जोडी आहे: कॅबोटेग्रावीर आणि रिल्पिव्हिरीन. अमेरिकेत जानेवारी २०२१ मध्ये ती दरमहा घेण्यासाठी मान्य झाली आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये दर दोन महिन्यांनी घेण्यासाठी. जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२५ मध्ये तिला पर्यायी उपचार म्हणून जागा दिली, ती दोन अटींवर. गोळ्यांवर व्हायरल लोड (रक्तातले विषाणूचे प्रमाण) पूर्ण दबलेला हवा आणि सक्रिय हिपॅटायटिस बी नको. पुढे मी नुसते ‘इंजेक्शन’ म्हणेन तेव्हा ही जोडी समजावी.

दोन महिन्यांच्या वेळापत्रकात दर भेटीला कॅबोटेग्रावीर ६०० मिलिग्रॅम आणि रिल्पिव्हिरीन ९०० मिलिग्रॅम देतात. प्रत्येकी ३ मिली, दोन्ही कुल्ल्यांच्या स्नायूंत, एकेका बाजूला एक. पहिल्या दिवशी एकदा, महिन्याने दुसऱ्यांदा, त्यानंतर दर दोन महिन्यांनी. पहिल्या वर्षी सात भेटी आणि पुढे दरवर्षी सहा. ३६५ गोळ्यांच्या जागी सहा भेटी म्हटले की कुणालाही हायसे वाटेल. पण रोजच्या गोळीत एक दिवस चुकला तर ३६५ मधला एक चुकतो. इथे एक भेट चुकली तर सहांतली एक चुकते, आणि ती भरून काढायला मध्ये दुसरी भेट नसते.

शरीरात काय होते ते पाहिले तर हे नीट उमगते. हे औषध पाण्यासारखे विरघळलेले नसते. त्याचे अतिसूक्ष्म कण द्रवात तरंगत असतात. स्नायूत गेल्यावर त्यांचा साठा तिथेच बसतो आणि हळूहळू झिरपत रक्तात येतो. कॅबोटेग्रावीरची रक्तातली पातळी निम्म्यावर यायला सुमारे ६ ते १२ आठवडे लागतात, रिल्पिव्हिरीनची यायला १३ ते २८ आठवडे. दोन महिने गोळीविना जातात ते याच गुणामुळे. आणि माणूस पुढचे इंजेक्शन घ्यायला आलाच नाही तर धोका निर्माण होतो तोही याच गुणामुळे. औषध एकदम संपत नाही. वर्षभर किंवा त्याहूनही जास्त काळ ते रक्तात रेंगाळते, पण विषाणूला रोखायला पुरेसे नसते. त्या अपुऱ्या औषधात विषाणू वाढू लागतो आणि औषधाला दाद न देणारा विषाणूच तेवढा निवडून पुढे येतो. एकदा टोचलेले औषध परत काढता येत नाही.

आज आपल्या सरकारी एआरटी केंद्रांतून (एचआयव्हीवरचे उपचार देणाऱ्या केंद्रांतून) मिळणारी टीएलडी ही गोळी (टेनोफोव्हिर ३००, लॅमिव्युडिन ३००, डोल्युटेग्रावीर ५० मिलिग्रॅम) या बाबतीत फार सोशिक आहे. ती अधूनमधून चुकली तरी डोल्युटेग्रावीरविरुद्ध प्रतिकार सहसा उभा राहत नाही. याचा अर्थ ती चुकवावी असा नाही. पण कॅबोटेग्रावीर हे डोल्युटेग्रावीरच्याच कुळातले औषध आहे. इंजेक्शनवर विषाणू उसळला तर तो बऱ्याचदा दोन्ही औषधांविरुद्ध प्रतिकार घेऊनच उसळतो, आणि मग डोल्युटेग्रावीरचा भरवसाही डळमळतो. तारखा पाळणाऱ्यांमध्येही चाचण्यांत शंभरातील एखाद-दुसऱ्याला असे झाले आहे. प्रमाण कमी आहे. पण ज्याला होते त्याच्या हातून राष्ट्रीय कार्यक्रमातले सर्वांत भक्कम औषध जाऊ शकते, आणि त्याला डारुनावीरसारख्या महागड्या औषधांकडे वळावे लागते.

आता तारखेचे गणित. ठरलेल्या तारखेच्या सात दिवस आधीपासून सात दिवस नंतरपर्यंत इंजेक्शन चालते, म्हणजे एकूण पंधरा दिवसांची मुभा. पहिले इंजेक्शन १० जानेवारीला झाले तर दुसरे १० फेब्रुवारीला, तिसरे १० एप्रिलला, चौथे १० जूनला. कुणी ४ एप्रिललाच घेऊन गेला तरी पुढची तारीख १० जूनच राहते. ती ४ जूनही होत नाही आणि पुढेही सरकत नाही. इथे केंद्रांची हमखास चूक होते. आला त्या दिवसापासून दोन महिने मोजले की दोन-तीन भेटींत वेळापत्रक भरकटते आणि मुभा किती उरली हे कुणालाच सांगता येत नाही. मूळ तारीख निवडतानाही २९, ३०, ३१ टाळावी, कारण हे दिवस दर महिन्यात नसतात. रुग्णपुस्तिकेच्या पहिल्या पानावर ती एकच तारीख ठळक लिहावी आणि तिच्याखाली वर्षभराच्या भेटींची ‘या दिवसापासून या दिवसापर्यंत’ अशी मुभा लिहून द्यावी. रुग्णाने मुभेच्या पहिल्या चार दिवसांत यावे असे ठरवले तर मागे अकरा दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवशी बोलावण्याची सवय घातक आहे. त्या दिवशी पाऊस, संप, बाळंतपण, सरकारी सुट्टी यांपैकी काहीही आडवे येऊ शकते.

आधीच ठाऊक असलेली चुकामूक वेगळी आणि अचानक झालेली वेगळी. लग्न, यात्रा, परगावचे काम यामुळे सात दिवसांहून जास्त उशीर होणार हे माहीत असेल, तर ठरलेल्या तारखेच्या सुमारास कॅबोटेग्रावीर ३० मिलिग्रॅम आणि रिल्पिव्हिरीन २५ मिलिग्रॅम या गोळ्या रोज जेवणासोबत सुरू करायच्या. एका इंजेक्शनच्या बदली त्या दोन महिन्यांपर्यंत चालतात. या गोळ्या नसतील तर आपल्याकडे ते काम टीएलडीही करू शकते. म्हणून इंजेक्शनवर गेलेल्या प्रत्येकाच्या घरी महिनाभराची टीएलडी राखीव असावी आणि दर भेटीला तिची मुदत तपासावी, असे माझे ठाम मत आहे. याला फारसा खर्च नाही. पूर येऊन रस्ता तुटला, केंद्राचा फ्रीज बंद पडला, पुरवठा आला नाही, तरी त्या बाटलीमुळे माणूस उघडा पडत नाही.

कुणी न सांगता चुकला आणि मध्ये गोळ्याही घेतल्या नाहीत, तर आधी मागच्या इंजेक्शनपासून किती दिवस गेले ते मोजायचे. दर दोन महिन्यांच्या टप्प्यावर असलेल्याचे मागच्या इंजेक्शनपासून तीन महिन्यांहून जास्त दिवस गेले नसतील तर लगेच इंजेक्शन देऊन पुढे चालू ठेवता येते. तीन महिने उलटले असतील तर नव्याने सुरुवात: एक आज, एक महिन्याने, मग दर दोन महिन्यांनी. दुसरेच इंजेक्शन चुकले असेल तर ही मर्यादा दोन महिन्यांची आहे. दोन्ही वेळी व्हायरल लोडचा नमुना घेतल्याशिवाय माणसाला परत पाठवू नये. ज्याला इंजेक्शन कायमचेच थांबवायचे आहे त्याने शेवटच्या इंजेक्शननंतर दोन महिने व्हायच्या आत पूर्ण गोळ्यांचा उपचार सुरू करायलाच हवा. ‘अंगात औषध आहे अजून, बघू नंतर’ हा विचार इथे सर्वांत महाग पडतो.

महाराष्ट्रापुरत्या काही गोष्टी तर परदेशी माहितीपत्रकांत ठळकपणे सापडणारही नाहीत.

पहिली गोष्ट नेव्हिरापीन. एप्रिल २००४ मध्ये सरकारी मोफत एआरटी सुरू झाली, आणि त्यानंतर अनेक वर्षे पहिल्या फळीच्या उपचारात नेव्हिरापीन किंवा इफाव्हिरेंझ होते. बाळाला लागण होऊ नये म्हणून गरोदर मातांना प्रसूतीच्या वेळी नेव्हिरापीनचा एकच डोस दिला जाई. रिल्पिव्हिरीन त्याच गटातले. नेव्हिरापीनमुळे विषाणूत जे बदल होतात त्यांतला ‘वाय-१८१-सी’ रिल्पिव्हिरीनलाही कमजोर करतो. इफाव्हिरेंझमुळे नेहमी होणारा ‘के-१०३-एन’ मात्र एकटा असला तर तसे करत नाही. असे बदल झालेला विषाणू पेशींमध्ये वर्षानुवर्षे दडून राहतो आणि आज व्हायरल लोड दबलेला असला तरी तो गेलेला नसतो. युगांडा, केनिया आणि दक्षिण आफ्रिकेत झालेल्या केअर्स चाचणीत ५१२ जण होते. त्यांतल्या बहुतेकांनी पूर्वी या गटातली औषधे घेतलेली होती, आणि तरीही ४८ आठवड्यांनी इंजेक्शनवाल्यांपैकी ९६.९ टक्क्यांचा आणि गोळीवाल्यांपैकी ९७.३ टक्क्यांचा व्हायरल लोड ५० च्या खाली, म्हणजे पूर्ण दबलेला होता. म्हणजे जुने नेव्हिरापीन हा नकार ठरत नाही. पण विषाणूतल्या अशा बदलाला लठ्ठपणाची जोड मिळाली, बॉडी मास इंडेक्स ३० किंवा त्याहून जास्त असला, तर धोका खरोखर वाढतो. म्हणून जुन्या औषधांची यादी शोधून काढणे ही पहिली पायरी. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या पुस्तिका लोकांनी फेकून दिलेल्या असतात, केंद्राच्या नोंदींत मात्र त्या बहुधा सापडतात.

दुसरी गोष्ट क्षयरोग, आणि माझ्या मते आपल्याकडे हाच सर्वांत मोठा अडसर आहे. टीबीच्या उपचारातल्या रिफाम्पिसिनने इंजेक्शनमधल्या दोन्ही औषधांची रक्तातली पातळी इतकी घसरते की ती एकत्र देताच येत नाहीत. टीएलडीवर असलेल्याला टीबी झाला तर बारा तासांच्या अंतराने ५० मिलिग्रॅमची डोल्युटेग्रावीरची आणखी एक गोळी जोडली की काम भागते. इंजेक्शनवर असलेल्याला ते सोडून तसल्या गोळ्यांवर यावेच लागते. टीबी होऊ नये म्हणून आठवड्यातून एकदा, असे बारा आठवडे देतात त्या उपचारात रिफापेंटिन असते. तेही चालत नाही. म्हणून हा प्रतिबंधक उपचार इंजेक्शन सुरू होण्याआधी पूर्ण करून घ्यावा, नाहीतर सहा महिन्यांचा नुसता आयसोनियाझिड निवडावा. फिटसाठीच्या फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, फेनोबार्बिटोन या गोळ्यांचेही तसेच. खाजगी डॉक्टरांकडे जाणाऱ्याने आपण कसले इंजेक्शन घेतो हे तिथे सांगितले पाहिजे. खिशात गोळ्या नसल्या की ‘औषध काही चालू नाही’ असे उत्तर सहज तोंडातून निघून जाते.

तिसरी हिपॅटायटिस बी. टीएलडीतले टेनोफोव्हिर आणि लॅमिव्युडिन त्या विषाणूलाही दाबून ठेवतात आणि बऱ्याच जणांना हे ठाऊकही नसते. टीएलडी काढून इंजेक्शन सुरू केले की ते संरक्षण जाते आणि यकृताला अचानक मोठी सूज येऊ शकते. आधी रक्त तपासणे आणि अहवाल निगेटिव्ह असेल तर लस देणे, याला पर्याय नाही.

टोचण्याच्या कामातही खूप काही बिघडू शकते. रिल्पिव्हिरीन २ ते ८ अंशांत ठेवावे लागते. देण्याआधी ते किमान पंधरा मिनिटे बाहेर काढून खोलीच्या तापमानाला आणायचे, पण २५ अंशांच्या वर जाऊ द्यायचे नाही, आणि सहा तासांत वापरायचे. मे महिन्यात चंद्रपूरच्या दवाखान्यात पंख्याखाली २५ अंश कुठून आणणार? तिथे एसीची एक खोली म्हणजे चैन नव्हे, औषधाची गरज आहे. कुपी दहा सेकंद जोरात हलवायची, नाहीतर कण तळाशी राहतात आणि डोस अपुरा जातो. सिरिंजमध्ये ओढल्यावर दोन तासांच्या आत द्यायचे. सुई दीड इंची, जाड माणसाला दोन इंची. आखूड सुईने औषध स्नायूऐवजी चरबीत पडते आणि हिशेब कोलमडतो. टोचल्यावर जागा चोळायची नाही. आपल्याकडे इंजेक्शननंतर चोळण्याची इतकी सवय आहे की हे दर वेळी सांगावे लागेल. मग दहा मिनिटे बसवून ठेवायचे. चुकून थोडे औषध रक्तवाहिनीत गेले तर काही मिनिटांतच धाप लागते, पोटात पेटके येतात, घाम फुटतो. ते बहुधा लवकर ओसरते, पण माणूस तेव्हा रिक्षात नको, केंद्रात हवा.

दुखणे होतेच. दोन-तीन दिवस बसताना त्रास होतो आणि काहींना गाठ लागते ती जिरायला आठवडे जातात. पॅरासिटामॉल आणि चालणे-फिरणे पुरते. हे आधी न सांगितल्यामुळे काही जण दुसऱ्या इंजेक्शनला येतच नाहीत, आणि सुरुवातीच्या त्या महिन्यात तेच सर्वांत वाईट.

आता माणसांविषयी. दसरा-दिवाळीनंतर बीडकडच्या ऊसतोड टोळ्या कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात जातात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परतत नाहीत. टीएलडीच्या काही महिन्यांच्या बाटल्या त्यांच्या सामानात जाऊ शकतात. इंजेक्शन जात नाही. फडावर असताना निदान दोन-तीन भेटी पडतील, प्रत्येक भेट म्हणजे एक खाडा, आणि खाड्याचे पैसे उचलीतून कापले जातात. साखर पट्ट्यातल्या केंद्रावर फ्रीज, शिकलेली परिचारिका आणि गावच्या केंद्राने पाठवलेली नोंद नसेल, तर अशा मजुराला इंजेक्शनवर टाकणे म्हणजे त्याला धोक्यात लोटणे आहे. त्याला गोळीच बरी.

आणि ज्याला खरी गरज आहे तो वेगळाच असतो. वसतिगृहात सहा मुलांच्या खोलीत राहणारा तरुण. गोळीच्या बाटलीवरचे लेबल खरवडून ती मसाल्याच्या डब्यामागे ठेवणारी सून. गिळायची म्हटली की मन घेत नाही असा, वीस वर्षे गोळ्या घेऊन थकलेला माणूस. याच लोकांचा व्हायरल लोड अनेकदा दबलेला नसतो, आणि नियम म्हणतो आधी तो दबवा. अमेरिकेतल्या लॅटिट्यूड चाचणीत गोळ्या चुकवणाऱ्यांनाच घेतले होते. आधार आणि पैशाचे प्रोत्साहन देऊन आधी त्यांचा व्हायरल लोड खाली आणला, मग निम्म्यांना इंजेक्शन दिले आणि निम्म्यांना गोळ्याच ठेवल्या. वर्षभरात इंजेक्शनच्या गटात सुमारे २४ टक्क्यांचा उपचार फसला, गोळीच्या गटात सुमारे ३९ टक्क्यांचा. फरक इतका स्पष्ट होता की फेब्रुवारी २०२४ मध्ये गट पाडणे थांबवून सर्वांना इंजेक्शन देऊ करण्याची शिफारस झाली. इंजेक्शन सरस ठरले हे खरे. पण एवढ्या पाठपुराव्यातही चौघांतला एक निसटला, हा आकडा योजना आखणाऱ्यांनी भिंतीवर लावून ठेवावा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वॉर्ड ८६ या दवाखान्यात व्हायरल लोड चढलेला असतानाही काहींना इंजेक्शन सुरू केले आणि बहुतेकांचा तो दबला. तिथे वेळ न घेता येण्याची सोय होती आणि कोण आले, कोण राहिले यावर कर्मचाऱ्यांची सतत नजर होती. औषधाइतकेच यश त्या नजरेचेही आहे.

म्हणून आपल्याकडे इंजेक्शन येण्याआधी केंद्रांत एक वेगळी वही, आणि ती रोज उघडणारे एक ठरलेले माणूस हवे. तारखेच्या चौदा दिवस आधी एक फोन, मुभा उघडण्याच्या आदल्या दिवशी दुसरा, मुभा संपायला तीन दिवस उरले की घरभेट. फोनवर काय बोलायचे हेही पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवावे: कोणता नंबर, कोणत्या वेळी, दुसऱ्याने उचलला तर काय म्हणायचे. संदेशात ‘१० तारखेला भेट आहे’ यापलीकडे एक अक्षरही नको, ना रोगाचे नाव, ना केंद्राचे. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने गोपनीयता बंधनकारक केली आहे, आणि आठवण करून देणाऱ्या फोनमुळेच घरात बोभाटा झाला तर तो रुग्ण परत येणार नाही. वर्षातून एकदा व्हायरल लोड तपासण्याची पद्धतही इथे अपुरी पडेल. निदान पहिल्या वर्षी दर चार महिन्यांनी तो हवा, आणि चढलेला दिसला तर लगेच दुसरा नमुना आणि प्रतिकाराची तपासणी, त्यात कॅबोटेग्रावीरच्या गटाचीही.

आपले जे वाचक आज टीएलडी घेत आहेत आणि इंजेक्शनची वाट पाहत आहेत त्यांनी तीन कागद आताच जमवून ठेवावेत: हिपॅटायटिस बीचा अहवाल, शेवटचे दोन व्हायरल लोड, आणि आजवर घेतलेल्या सर्व एआरटी औषधांची यादी. शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येते. आणि रोजची गोळी चालू ठेवावी. इंजेक्शनवर जायचे ठरले तरी शेवटची गोळी पहिल्या इंजेक्शनच्या दिवशी घ्यायची असते, त्याआधी ती थांबवायची नसते.

आपला,
एचआयव्ही उपचार समुपदेशनाच्या क्षेत्रातील एक वाचक, पुणे